लक्ष नाही, की रक्त नाही?

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू डॉक्टर आहेस, तर पन्नाशीनंतरच्या तब्येतीवर वीस मिनिटं बोल." म्हणजे गुडघे, साखर, रक्तदाब. पण सकाळपासून नाश्त्याच्या रांगेत मी तुमचं बोलणं ऐकते आहे. गुडघ्यांबद्दल फारसं कोणी बोलत नाही. सगळे बोलताहेत ते मुलांबद्दल. कोणाचा मुलगा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, कोणाची मुलगी फार्मसीला, कोणाची भाची पुण्यात खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते आहे. आणि निदान चार जणांकडून तरी एकाच तऱ्हेचं वाक्य ऐकलं. "बारावीपर्यंत काय हुशार होती गं! हॉस्टेलला गेली आणि काय झालं कळत नाही. सारखी झोपते. वाचलेलं लक्षात राहत नाही म्हणते. मोबाइल, दुसरं काय!"

मी गेली बरीच वर्षं एका विद्यापीठाच्या आरोग्य केंद्रात काम करते. माझ्याकडे येतात ती अठरा ते चोवीस वयाची मुलं-मुली. त्यामुळे हे वाक्य मला रोज ऐकू येतं, कधी आईकडून, कधी वसतिगृहाच्या रेक्टरकडून, कधी त्या मुलीकडूनच. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन मी विषय बदलते आहे. आज मी बोलणार आहे ते खाण्यातल्या कमतरतेमुळे होणाऱ्या रक्तक्षयाबद्दल, ज्याला आता सगळेच ॲनिमिया म्हणतात, आणि त्याचा अभ्यासाशी काय संबंध आहे त्याबद्दल. माझं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर असं: कॉलेजात गेलेलं मूल मंदावलं, तर त्याला आळशी ठरवण्याआधी त्याचं रक्त तपासा.

आधी प्रश्न केवढा आहे ते बघू. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के आणि त्याच वयाच्या मुलांपैकी ३१ टक्के रक्तक्षयी आढळले. आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण ५४ टक्के होतं, आणि त्याआधीच्या पाहणीत ते ४८ टक्के होतं. या पाहणीत बोटाच्या टोकातून काढलेल्या थेंबावर तपासणी केली होती, आणि त्या पद्धतीत आकडा फुगतो असा आक्षेप तज्ज्ञांनी घेतला आहे. तो आक्षेप रास्त आहे. म्हणून दुसरा आकडाही सांगते. २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात शिरेतून रक्त घेतलं होतं. त्यात १० ते १९ वयाच्या मुलींत ४० टक्के आणि मुलांत १८ टक्के रक्तक्षय निघाला. आता कमीत कमी आकडा धरला, तरी आपल्या वर्गातल्या मुलींच्या बाजूचे बाक डोळ्यांसमोर आणा. दर पाच मुलींमागे दोन.

रक्तक्षय म्हणजे नेमकं काय, ते आपल्या विज्ञानाच्या बाईंनी आठवीत शिकवलंच होतं. हिमोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ फुप्फुसांतून प्राणवायू उचलतो आणि शरीरभर पोचवतो. तो बनायला लोह लागतं. बाईमाणसाचं हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आणि पुरुषाचं १३ ग्रॅमच्या खाली गेलं, की जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे तो रक्तक्षय. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम २ टक्के, पण स्वस्थ बसलेलं असताना शरीर जेवढा प्राणवायू वापरतं त्यातला पाचवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. पुरवठा कमी पडला तर पहिली तक्रार कुठून येणार, हे सांगायला नको.

पण गोष्ट इथेच संपत नाही. पुढचं जे सांगणार आहे ते आठवीच्या पुस्तकात नव्हतं.

लोह फक्त रक्तात लागतं असं नाही. मेंदूच्या पेशींना ऊर्जा तयार करायला लोह लागतं. मज्जातंतूंवरचं आवरण, ज्यामुळे संदेश झपाट्याने जातात, ते बनायला लोह लागतं. आणि लक्ष, उत्साह, शिकण्याची ओढ यांच्याशी ज्याचा संबंध आहे, ते डोपामिन बनवणाऱ्या एन्झाइमलाही लोहच लागतं. शरीरात लोह कमी पडायला लागलं की आधी साठा रिकामा होतो. हा साठा फेरिटिन नावाच्या तपासणीत कळतो. हिमोग्लोबिन बरंच उशिरा घसरतं. घरातल्या डब्यातले पैसे आधी संपतात आणि दुकानदाराची उधारी नंतर दिसते, तसंच हे आहे. त्यामुळे हिमोग्लोबिन १२.२ आलं म्हणून "सगळं ठीक आहे" असा शिक्का मारलेल्या कितीतरी मुलींचा साठा तळाला गेलेला असतो.

"बाई, हे तुमचं म्हणणं झालं. पुरावा काय?" असं आपले गणिताचे सर आता मनात म्हणत असतील. त्यांची सवय मला माहीत आहे. तर सर, पुरावा सांगते.

१९९६ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहराच्या शाळांमधल्या मुलींवरचा एक अभ्यास आला. या मुलींना रक्तक्षय नव्हता, फक्त लोहाचा साठा कमी होता. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांचे दोन गट केले. एका गटाला आठ आठवडे लोहाच्या गोळ्या, दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कोणती गोळी कोणाला हे त्या मुलींना माहीत नव्हतं. आठ आठवड्यांनी शब्द शिकून लक्षात ठेवण्याच्या चाचणीत लोह घेतलेल्या मुली पुढे गेल्या. लक्ष देण्याच्या चाचण्यांत मात्र फरक दिसला नाही. हेही सांगितलं पाहिजे, कारण पुरावा सांगायचा तर पूर्ण सांगावा.

२००७ साली पेनसिल्व्हेनियात १८ ते ३५ वयाच्या स्त्रियांवर असाच, पण सोळा आठवड्यांचा अभ्यास झाला. सुरुवातीला ज्यांच्यात लोह पुरेसं होतं, त्या चाचण्यांत जास्त अचूक आणि जास्त वेगवान होत्या. गोळ्या घेऊन ज्यांचं फेरिटिन सुधारलं त्यांची अचूकता सुधारली. ज्यांचं हिमोग्लोबिन वाढलं त्यांचा वेग वाढला. मग रवांडात, खुद्द विद्यापीठात शिकणाऱ्या १८ ते २७ वयाच्या दीडशे मुलींवर प्रयोग झाला. तिथे गोळ्या नाहीत, तर रोजच्या जेवणातला घेवडा वापरला. एका गटाला नेहमीचा घेवडा, दुसऱ्याला जास्त लोह असलेल्या वाणाचा घेवडा. अठरा आठवड्यांत दुसऱ्या गटाच्या आठवणीच्या आणि लक्ष देण्याच्या चाचण्या जास्त सुधारल्या. म्हणजे औषधाच्या दुकानात न जाता, ताटातून हे झालं.

आणि आता आपल्या घरचं उदाहरण. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने इक्रिसॅटने बाजरीचं 'धनशक्ती' नावाचं वाण तयार केलं, त्यात लोह जास्त आहे. नगर जिल्ह्यातल्या निवासी शाळांमधल्या १२ ते १६ वयाच्या मुलामुलींना सहा महिने या बाजरीची भाकरी आणि खाऊ दिला, दुसऱ्या गटाला साध्या बाजरीचा. ज्यांच्यात सुरुवातीला लोहाची कमतरता होती, त्यांच्यापैकी लोहाची बाजरी खाल्लेली मुलं भरून येण्याचं प्रमाण साध्या बाजरीच्या मानाने दीडपटीहून अधिक होतं. आणि लक्ष, आठवण यांच्या चाचण्यांतही त्या मुलांची जास्त प्रगती झाली. भाकरी खाऊन! आपल्या आज्या सांगत होत्याच. फक्त बाजरी कोणती, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

आता यातून काय निष्कर्ष काढायचा आणि काय नाही, तेही नीट सांगते. या अभ्यासांत मोजलं ते लक्ष, आठवण, विचारांचा वेग. गुणपत्रिकेतले मार्क नव्हेत. मार्क अनेक गोष्टींवर अवलंबून असतात: शिक्षक, घर, पैसा, झोप, इंग्रजी. ज्या घरात ताटात लोह कमी, त्या घरात पुस्तकंही कमी असतात. त्यामुळे रक्तक्षयी मुलांचे मार्क कमी दिसले, तर सगळा दोष रक्ताचा म्हणता येत नाही. लोहाची गोळी घेऊन कोणी हुशार होत नाही. पण जी हुशारी आहे ती वापरायला जे लागतं, ते लोहाशिवाय मिळत नाही. दिव्यात वात चांगली आहे, तेल नाही, असा हा प्रकार.

दुसऱ्या वर्षाला असलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. गाव लांबचं, घरची शेती कोरडवाहू, घराण्यातली विद्यापीठात आलेली पहिली मुलगी. तीन विषयांत एटीकेटी. ती काही दुखतंय म्हणून आली नव्हती. वसतिगृहातून घरी जायचा अर्ज करायचा, म्हणून तिला आजारपणाचं प्रमाणपत्र हवं होतं. वडील म्हणाले होते, "एक वर्ष वाया गेलं, आता पुरे. स्थळं बघू." मी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली आणि रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन ८.४ आलं. पाळीत खूप रक्त जात होतं, सात-आठ दिवस. हे तिने कोणाला सांगितलंच नव्हतं, कारण ते सांगायचं असतं हेच तिला माहीत नव्हतं. जिना चढताना दम लागतो, वर्गात तिसऱ्या तासाला डोळे मिटतात, एक पान चारदा वाचावं लागतं, हे सगळं तिने स्वतःचा आळस म्हणून मान्य करून टाकलं होतं.

मी वडिलांना फोन केला. म्हटलं, "दादा, मुलगी नापास नाही झाली, आजारी आहे. सहा महिने द्या." ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हिची आई पण अशीच सारखी दमलेली असते." मी म्हटलं, "मग त्यांनाही तपासा." पाळीचे उपचार, गोळ्या, खाणं, सगळं झालं. महिन्याभरात ती म्हणाली, "मॅडम, दुपारी झोप येत नाही आता." पुढच्या सत्रात विषय सुटले. गोळीने ती पास झाली असं मी म्हणणार नाही. अभ्यास तिनेच केला. पण गोळी नसती, तर तिला अभ्यास करायची संधीच मिळाली नसती. तिचं लग्न झालं असतं आणि वडील आयुष्यभर म्हणत राहिले असते, "शिकवून बघितलं, जमलं नाही तिला."

मित्रहो, अशी "जमलं नाही" म्हणून घरी बसलेली मुलगी आपल्याही वर्गात होती. नाव घेत नाही. आज ती इथे नाही.

आता हे कॉलेजच्या वयातच का होतं? तर शाळेत असेपर्यंत मूल घरी जेवतं. शासनाचा कार्यक्रमही त्याच्यापर्यंत पोचतो. देशात रक्तक्षय रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७० पासून आहे. २०१८ पासून 'ॲनिमिया मुक्त भारत' अंतर्गत १० ते १९ वयाच्या मुलामुलींना आठवड्यातून एक निळी गोळी मिळते, ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. शिवाय वर्षातून दोनदा जंताची गोळी. शाळेत शिक्षक समोर उभे राहून गोळी खायला लावतात. मूल कॉलेजात गेलं की ते समोर उभं राहणारं माणूस जातं. योजना कागदावर पुढेही आहे, पण एकोणीस वर्षांच्या मुलीला आरोग्य केंद्राची वाट कोण दाखवणार?

आणि खाणं. सकाळी साडेसातचं लेक्चर, म्हणून नाश्ता नाही. कँटीनमध्ये वडापाव किंवा बिस्किटं, आणि त्यावर चहा. दुपारी मेसमध्ये पाणीदार आमटी, बटाट्याची भाजी, पोळी, भात. रविवारी संध्याकाळी मेस बंद, म्हणजे नूडल्स. घरून पैसे उशिरा आले की महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात एकच वेळ जेवण. स्पर्धा परीक्षेच्या मुलांना तर रात्री जागायला चहाच लागतो. जेवणावर चहा प्यायला की त्या जेवणातलं बरंचसं लोह अंगी लागत नाही, हे त्यांना कोणी सांगितलेलं नसतं. त्यात मुली बारीक राहायचं म्हणून रात्रीचं जेवण सोडतात. आणि घरी आल्या तर संकष्टी, सोमवार, चातुर्मास. साबुदाण्याच्या खिचडीत लोह शोधून सापडत नाही. उपास करू नका असं मी म्हणत नाही. दोन उपासांच्या मधल्या दिवशी काय खातो ते बघा, एवढंच म्हणते.

मुलींचा हिशेब आणखी वेगळा. साधारण पाळीत ३० ते ४० मिलिलीटर रक्त जातं. एक मिलिलीटर रक्तात सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. म्हणजे दर महिन्याला १५ ते २० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर. पाळीत ८० मिलिलीटरच्या वर गेलं तर तो अतिस्राव, आणि त्याला उपचार लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे १६ ते १८ वयाच्या मुलीच्या आहारात रोज ३२ मिलिग्रॅम लोह असावं, मोठ्या स्त्रीच्या आहारात २९, आणि पुरुषाच्या आहारात १९. म्हणजे मुलीला भावापेक्षा जास्त लोह हवं. आणि आपल्या घरांत शेवटी जेवायला कोण बसतं, ते तुम्हीच सांगा.

पण मुलांच्या वडिलांनी निश्चिंत होऊ नये. मुलांमध्येही हे आहे. आणि मुलामध्ये किंवा पुरुषामध्ये रक्त कमी निघालं तर नुसतं टॉनिक देऊन चालत नाही. मूळव्याध, जंत, पोटातला अल्सर, कुठून रक्त जातंय का ते शोधावं लागतं.

आणखी एक. सगळा रक्तक्षय लोहाचाच नसतो. लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर बाई १९२८ मध्ये मुंबईत आल्या. गिरणी कामगार गरोदर स्त्रियांमध्ये एक जीवघेणा रक्तक्षय होत होता. तो लोहाने बरा होईना. बाईंनी या स्त्रिया काय खातात ते बघितलं, आणि यीस्टच्या अर्काने त्या बऱ्या होतात हे दाखवलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. जगभरात आज गरोदर बाईला जी गोळी देतात, तिची सुरुवात आपल्या मुंबईतल्या कामगार बायकांच्या ताटापासून झाली आहे.

तसंच बी-१२ जीवनसत्त्वाचं. ते वनस्पतीत मिळत नाही. दूध-दह्यात थोडं, अंडी, मासे, मटणात जास्त. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या मध्यमवयीन पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ६७ टक्के जणांत बी-१२ कमी होतं, आणि शहरी मध्यमवर्गात तर ८१ टक्के. म्हणजे पैसा आहे म्हणून सुटका नाही. मुंग्या येणं, विसरायला होणं, जीभ लाल होणं ही त्याची लक्षणं असू शकतात. आणि आपल्याकडे थॅलसेमियाचे वाहक आहेत, विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आहे. तिथेही हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण कारण निराळं असतं. म्हणून तपासल्याशिवाय शेजारणीच्या सांगण्यावरून महिनोन्‌महिने लोहाच्या गोळ्या देऊ नका.

आता तुम्ही विचाराल, करायचं काय? वह्या काढा, बाईंचा तास आहे असं समजा.

पहिलं, तपासणी. कॉलेजला जाणाऱ्या प्रत्येक मुलीची आणि मुलाचीही रक्ताची साधी पूर्ण तपासणी, म्हणजे सीबीसी, वर्षातून एकदा. दमणूक, लक्ष न लागणं, केस गळणं, माती, खडू किंवा बर्फ खावासा वाटणं, यांपैकी काही असेल आणि हिमोग्लोबिन ठीक आलं, तर डॉक्टरांना फेरिटिन आणि बी-१२ बद्दल विचारा. मुलीला पाळीबद्दल विचारा. आईने विचारलं तर उत्तमच, पण वडिलांनी विचारलं म्हणून आभाळ कोसळत नाही.

दुसरं, गोळ्या. डॉक्टरांनी दिल्या तर पुऱ्या घ्या. महिन्याभरात हिमोग्लोबिन ग्रॅम-दोन ग्रॅमने वाढतं, बरं वाटतं आणि मुली गोळ्या सोडून देतात. इथेच घोटाळा होतो. हिमोग्लोबिन भरल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने लागतात. शौचाला काळं होतं, त्याला घाबरू नका. मळमळत असेल तर डॉक्टरांना सांगा. एक दिवसाआड गोळी घेतली तरी लोह चांगलं शोषलं जातं, असं अलीकडच्या अभ्यासांत दिसलं आहे. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. चहा, दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्यासोबत नको.

तिसरं, ताट. बीट लाल आहे म्हणून त्याने रक्त वाढत नाही. पालकात लोह आहे, पण ते अंगी फार कमी लागतं. गूळ आणि खजूर चांगले, पण त्यांच्यावर विसंबू नका. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, हरभरे, चवळी, अळीव, तीळ, राजगिऱ्याचा पाला यांनी ताट भरू द्या. मोड आणल्याने लोह जास्त लागू पडतं. सोबत लिंबू, आवळा, पेरू, कच्ची कोथिंबीर असं काहीतरी आंबट हवं. त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. म्हणून मिसळीवर लिंबू पिळण्यात मोठं शहाणपण आहे. खात असाल तर मटण, कलेजी, मासे यांतलं लोह सगळ्यांत सहज लागतं. भाजी लोखंडी कढईत करा. आणि चहा जेवणानंतर तासभर थांबून.

हॉस्टेलच्या मुलीला हे सगळं कसं जमणार? डब्यात अळिवाचे लाडू, भाजलेले चणे-शेंगदाणे आणि मेसच्या ताटावर पिळायला चार लिंबं द्या. एवढ्यानेही खूप होतं.

शेवटचं, आपल्या गुरुजनांसाठी. सर, बाई, तुम्ही आम्हाला चाळीस-चाळीस वर्षं शिकवलंत, आणि तुमच्या हाताखाली शिकलेले बरेच जण आज स्वतः शिक्षक, प्राध्यापक आहेत. त्यांना तुमचा शब्द अजून लागतो. त्यांना एवढंच सांगा, की शेवटच्या बाकावर डुलक्या घेणारी मुलगी दिसली, तर "लक्ष कुठं आहे?" असं विचारल्यावर आणखी एक प्रश्न विचारा: "सकाळी काय खाल्लंस?"

आणि आपल्या सगळ्यांसाठी एक प्रस्ताव. या मेळाव्याचे पैसे उरतील असं खजिनदार म्हणत होते. शाळेला दरवर्षी एखादी वस्तू भेट द्यायची आपली पद्धत आहे. घड्याळ झालं, फळा झाला, पाण्याची टाकी झाली. यंदा असं करू या, की दहावी-बारावी होऊन शाळा सोडणाऱ्या प्रत्येक मुलामुलीची जाताना एकदा रक्ततपासणी व्हावी. दाखल्यासोबत ती चिठ्ठी हातात मिळावी, आणि ज्यांचं कमी निघेल त्यांच्या घरी आपल्यापैकी कोणीतरी एकदा जाऊन यावं. मी आणि आपल्या बॅचमधले आणखी दोन डॉक्टर त्यासाठी येऊ. पॅथॉलॉजी लॅबवाला मित्र समोरच बसला आहे, त्याला मी जेवताना विचारलं, तो हो म्हणाला आहे. आता सगळ्यांसमोर सांगितलं म्हणजे त्याला माघार घेता येणार नाही.

शाळेनं आपल्याला डोकं वापरायला शिकवलं. पुढच्या मुलांना ते वापरता यावं, एवढी जबाबदारी आपण घेऊ या. चहाची वेळ झाली आहे. नुकतंच जेवण झालंय, म्हणून अर्धा तास उशिरा घ्या!